पिवळा, जांभळा आणि तिसरा

खाशुरीला गाड्या थांबतात, इंजिनं बदलतात.
माझ्या बेकरीच्या खिडकीतून सिग्नल दिसतो
आणि तो लाल की हिरवा
हे मी जागेवरून ओळखतो:
वरचा पेटलाय की खालचा.

एकोणिसाव्या वर्षी रेल्वेच्या डॉक्टरनं
ठिपक्यांचं एक पान पुढं धरलं.
मी ठिपके पाहिले. पुष्कळ पाहिले.
त्यात म्हणे एक आकडा लिहिला होता.
तेव्हापासून कणीक, दालचिनी, मनुका,
भट्टीच्या तापल्या भिंतीत खांद्यापर्यंत हात घालून
नाझुकी चिकटवायची. अडतीस वर्षं.

तर आता बहिणीची तेकले
(वय तेरा, नखांत शाई)
खोकाभर सुटे भाग घेऊन येते
आणि मैद्याच्या फळीवर पसरते.
"मामा, दोन दिवे. एक विझला की दुसरा लागतो.
यापेक्षा सोपं काही नाही जगात."

सोपंच आहे.
रेझिस्टर म्हणजे तांदळाएवढी नळी, पोटावर पट्टे.
पिवळा, जांभळा, तपकिरी: चारशे सत्तर.
पिवळा, जांभळा, नारिंगी: सत्तेचाळीस हजार.
तिसऱ्या पट्ट्यापाशी मी थांबलो.
पुन्हा तेच पान, पुन्हा तोच डॉक्टर,
फक्त या वेळी तांदळाएवढा.

पोरीला काही बोललो नाही.
अंदाजानं लावले.
डाख द्यायला हात बरा आहे माझा,
उष्णतेशी जुनी ओळख;
कथील चमकून पसरतं तो क्षण
भाकरी सुटण्याच्या क्षणासारखाच, आधी नाही, नंतर नाही.
बॅटरी जोडली.
दोन्ही दिवे एकदम लागले
आणि ढिम्म राहिले.

"बिघडलं," मी म्हणालो.
तेकलेनं बेकरीतला बल्ब मालवला,
पाटी हातात घेतली आणि अंधारात सपकन फिरवली.
हवेत तुटक रेघ उमटली. टाका, टाका, टाका,
गोधडीच्या कडेला असतात तशी.
"मिचकतायत, मामा.
तुझ्या-माझ्या डोळ्यांना झेपत नाही इतक्या घाईनं.
सगळीकडे चारशे सत्तरच लावलेस तू."

तुझ्या-माझ्या, म्हणाली.
मग बल्ब लावून माझ्याकडे बघत राहिली थोडा वेळ
आणि म्हणाली, "आई बोलली होती एकदा, गाडीचं."

रविवारी पहाटेची भट्टी पोऱ्यावर सोपवून
आम्ही तिबिलिसीला गेलो, कोरड्या पुलावरच्या बाजारात.
तिथं चादरीवर पदकं, काटे-चमचे, कुणाचे तरी चष्मे,
आणि गुरामी नावाच्या म्हाताऱ्याकडे
चॉकलेटच्या डब्यांत भरलेले सोव्हिएत रेझिस्टर,
ज्यांच्या अंगावर पट्टे नाहीत.
आकडा छापलेला असतो. शब्दशः आकडा. सत्तेचाळीस, पुढं एक अक्षर.
मी चष्मा पुसून वाचला. मोठ्यानं वाचला.
गुरामी म्हणाला, एवढं काय त्यात,
कारखान्यात रंग संपला असेल.
मी मूठभर घेतले, लागणार होते दोन.

मल्टिमीटरही घेतला, घासाघीस न करता,
त्यामुळे तेकले परतीच्या गाडीत रुसून बसली.
मी मात्र घरी येईपर्यंत सापडेल ते मोजत होतो:
खिशातली किल्ली, ओली बोटं,
तिच्या वेणीतली पिन.
(किल्ली शून्य. बोटं किती ते ठरेना, आकडा पळत राहिला.)

आता खिडकीत ती पाटी उभी आहे.
एक जातो, दुसरा येतो. एक जातो.
मध्ये कपॅसिटर भरतो, रिता होतो,
कणकेच्या श्वासाएवढा वेळ घेतो.
"डावा कुठला, मामा?" तेकले विचारते,
मुद्दाम.
"डावा तो, जो उजवा विझल्यावर लागतो."
"तसं नाही. रंग."

रुळांवरून मालगाडी चालली आहे, लांबलचक,
आणि आम्ही दोघं डबे मोजत बसलोय,
तिचे बेचाळीस, माझे त्रेचाळीस,
पैज लागली आहे
आणि भट्टीतून करपल्याचा वास येतोय.